कॉम्प्युटर हँग का होतो?

“कॉम्प्युटर सारखा हँग होतोय. फॉरमॅट मारू का?” दुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न रोजचा, आणि “मारून टाका” हे उत्तरही रोजचंच. फॉरमॅट केला की आठ-पंधरा दिवस यंत्र बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मधल्या मध्ये जुने फोटो गेले, टॅलीचा डेटा गेला, श्रीलिपीचे फॉन्ट पुन्हा टाकावे लागले. हँग होण्याचं कारण विंडोजमध्ये असेल तरच फॉरमॅटचा उपयोग. ते पंख्यात, डिस्कमध्ये किंवा भिंतीतल्या प्लगमध्ये असेल, तर फॉरमॅट करून काय साधणार?

आपण एक घर डोळ्यांसमोर ठेवू. वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातलं आसेगाव. थोरल्या मुलीच्या एमएस-सीआयटीच्या वेळी घेतलेला डेस्कटॉप आता घरभर सगळे वापरतात: पीकविम्याचा अर्ज, सातबारा, धाकट्याचे व्हिडिओ, लग्नपत्रिकेचा मजकूर. आसेगाव मुद्दाम निवडलं. हँग होण्यावरच्या बहुतेक सूचना एसी खोलीत बसलेला माणूस गृहीत धरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, सोयाबीन काढणीच्या दिवसांत हवेत कुटाराची धूळ असते, आणि संध्याकाळी बल्ब मिणमिणायला लागतो. यंत्राला हे सगळं सोसावं लागतं. म्हणून ‘काय बिघडलं’ हे विचारण्याआधी ‘कधी बिघडतं’ हे विचारायचं.

१. आधी हँगचा प्रकार ओळखा

चार वेगवेगळ्या दुखण्यांना आपण ‘हँग’ हे एकच नाव देतो. ती वेगळी काढायला एक बटण पुरतं: कीबोर्डवरचं कॅप्स लॉक. यंत्र अडकलं की ते दाबा आणि त्याचा छोटा दिवा बघा.

दिवा लागतो-विझतो, माउसचा बाणही फिरतो, फक्त एक खिडकी पांढुरकी झाली आहे: मग यंत्र जिवंत आहे, तो एक प्रोग्रॅम अडकलाय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तो प्रोग्रॅम बंद करा. बाकीचं काम शाबूत राहतं.

बाण फिरतो, पण काहीच उघडत नाही, पाच मिनिटांनी सगळं एकदम उघडतं: हे बहुतेक वेळा मेमरी आणि डिस्कचं दुखणं. त्याच्याकडे तिसऱ्या भागात सावकाश बघू.

दिवा बदलतो, आवाजही चालू आहे, पण चित्र थिजलंय: विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, तर दोष चित्र काढणाऱ्या भागाकडे, म्हणजे ग्राफिक्सकडे असू शकतो. विंडोजने त्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू केला. ड्रायव्हर म्हणजे त्या भागाला काम सांगणारा छोटा प्रोग्रॅम.

दिवाही बदलत नाही, बाणही हलत नाही, स्पीकरमधून एकच सूर घरघरतोय: हा पूर्ण हँग. कीबोर्डची वायर नीट बसली आहे ना, एवढं आधी बघून घ्या. मग चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरण्याला पर्याय नाही. पण दाबण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ वाचा. तेही थांबलेलं असतं, आणि यंत्र नेमकं किती वाजता अडकलं ते तिथेच लिहिलेलं असतं.

आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणं आणि निळा पडदा येणं ही भावंडं आहेत, पण वेगळी. त्यांच्या बाबतीत संशय आधी वीज, उष्णता किंवा ड्रायव्हरवर घ्यायचा.

२. वही आणि पेन

आता फुकटचं आणि सगळ्यांत कंटाळवाणं औषध. यंत्राशेजारी वही ठेवा. हँग झाला की तारीख, वेळ, चालू करून किती वेळ झाला होता, काय उघडं होतं, आणि घरात तेव्हा काय चाललं होतं, एवढं लिहा. उदाहरणार्थ अशा नोंदी दिसल्या:

“दुपारी ३.१०, दोन तासांनी, व्हिडिओ. दुपारी २.४०, दीड तासाने, व्हिडिओ. सकाळी एकदाही नाही.”

इथे संशय उष्णतेवर घ्यायचा. त्याऐवजी “संध्याकाळी ७, ७.१५, ६.५०; काम कोणतंही” अशा नोंदी असत्या, तर विजेवर. “सातबाऱ्याची पीडीएफ उघडली की दर वेळी” असं असेल, तर त्या प्रोग्रॅमवर किंवा डिस्कच्या त्या कोपऱ्यावर. दहा नोंदींची वही दुकानदाराचा अर्धा दिवस वाचवते.

विंडोज स्वतःही अशी वही ठेवतं. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला की दिवसवार तक्ता उघडतो. ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली असते, आणि नवीन काही बसवलं असेल तर त्याचीही नोंद असते. फुल्या कोणत्या तारखेपासून सुरू झाल्या आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बसवलं, हे एकाखाली एक दिसतं. जास्त खोल गेलात तर ‘कर्नल-पॉवर ४१’ नावाची नोंद सापडेल. ती बघून घाबरू नका. यंत्र रीतसर बंद न होता गेलं, एवढंच ती सांगते. तुम्ही बटण दाबून धरलंत, त्याचाच तो ठसा असू शकतो.

आणि एक शिस्त: एका वेळी एकच बदल. पंखा साफ केला, अँटिव्हायरस काढला आणि रॅम बदलली, हे तिन्ही एकाच दुपारी केलं आणि यंत्र सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कधीच कळत नाही.

३. काट्यापुढची रांग

कॉम्प्युटरला दोन जागा लागतात. डिस्क म्हणजे कायमचा साठा, वीज गेली तरी राहणारा. रॅम म्हणजे आत्ता चालू असलेलं काम मांडायची जागा, वीज गेली की कोरी. प्रोसेसर फक्त रॅममधलंच थेट वापरतो. डिस्कवरचं काहीही आधी रॅममध्ये आणावं लागतं.

आसेगावच्या आपल्या यंत्रात रॅम आहे ४ जीबी. विंडोज १० नुसतं उघडून ठेवलं तरी त्यातली दीड-दोन जीबी जाते. अँटिव्हायरसने आपला वाटा घेतला. वर क्रोममध्ये सातबारा, पीकविमा, बँक, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप अशा दहा-बारा टॅब. क्रोम साधारणपणे वेगवेगळ्या साइटसाठी वेगळी प्रक्रिया चालवतो, म्हणून एक टॅब कोसळली तरी बाकीच्या वाचतात. पण त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. रॅम भरली की विंडोज नाही म्हणत नाही. ज्याची आत्ता गरज दिसत नाही तो मजकूर ते उचलून डिस्कवरच्या राखीव जागेत ठेवतं आणि लागला की परत आणतं.

हंगामात बाजार समितीत सोयाबीन घेऊन गेलेल्या कुणालाही पुढचं चित्र ओळखीचं वाटेल. व्यापारी मोकळे, हमाल मोकळे, पण काटा एकच. ट्रॅक्टरांची रांग गेटाबाहेर गेली आहे आणि हलत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, समिती बंद पडली. बंद काहीच नाही, सगळे काट्याची वाट बघतायत. जुन्या कॉम्प्युटरमधला काटा म्हणजे हार्ड डिस्क.

ती इतकी हळू का? कारण ती खरोखर फिरते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, ४ मिलिसेकंद. सुई योग्य जागी सरकायला आणखी ८-९. म्हणजे एक तुकडा शोधायला बारा-साडेबारा मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम ८० तुकडे.

आता हिशोब करू. विंडोज मेमरीची उचल-ठेव ४ केबीच्या तुकड्यांत करतं. ३०० एमबी परत आणायचे म्हणजे ७६,८०० तुकडे. सगळे विखुरलेले असतील तर ८० च्या वेगाने ९६० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं! प्रत्यक्षात विंडोज शेजारचे तुकडे एकत्र उचलतं, म्हणून काम बरंच लवकर होतं. पण चहा करून यावं आणि पडदा तसाच असावा, हा अनुभव इथूनच येतो. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काही नाही. तिने सेकंदाला फक्त ८,००० तुकडे आणले असं धरलं, तरी तेच काम १० सेकंदांच्या आत संपतं.

खात्री करायची तर पुढच्या वेळी यंत्र रेंगाळलं की टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा बघा. डिस्क १०० टक्के, पण वाचन-लेखन सेकंदाला एक-दोन एमबी आणि प्रोसेसर १० टक्क्यांवर निवांत: काट्यापुढे रांग लागली आहे. अशा यंत्राला नवा प्रोसेसर किंवा नवा कॉम्प्युटर लागत नाही. आधी एसएसडी, मग जमल्यास ८ जीबी रॅम. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एसएसडी. या बाबतीत माझं मत ठाम आहे.

जाता जाता एक गंमत. ‘रोज रात्री बंद करतो, तरी असं’ म्हणणाऱ्यांना सांगा, की विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ने यंत्र बहुतेक वेळा पूर्ण कोरं होत नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. खरी नवी सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ निवडा.

४. डिस्क आजारी असेल तर

रांग लागणं वेगळं आणि काटाच मोडणं वेगळं. डिस्कवरचा एखादा भाग खराब झाला की ती तो पुन्हा पुन्हा वाचून बघते. तेवढा वेळ, कधी मिनिटभरही, सगळं थांबतं. ‘टक्-टक्’ असा ठरावीक आवाज आला, एखादीच फाइल उघडताना यंत्र अडकलं, तर इथेच शंका घ्या.

डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम ती नोंद दाखवतो. बदली दिलेले भाग आणि वाचता न आल्याने प्रलंबित राहिलेले भाग, हे दोन आकडे बघायचे. दोन्ही शून्य असावेत, आणि वाढत असतील तर डिस्क जायच्या वाटेवर आहे. तपासणी, स्कॅन, फॉरमॅट सगळं थांबवा, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा. विंडोजची डिस्क तपासणारी आज्ञा अशा डिस्कवर चालवणं धोक्याचं आहे, कारण ती प्रत्येक कोपरा पुन्हा वाचायला लावते आणि उरलीसुरली ताकद त्यातच संपते.

५. मे महिना, कुटार आणि कूलर

प्रोसेसर किती तापतो, हे खोलीवर अवलंबून असतं, कारण पंखा त्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. पंखा चांगला असेल तर भर कामात प्रोसेसर खोलीपेक्षा समजा ४० अंशांनी जास्त तापतो. जानेवारीत खोली २२, प्रोसेसर ६२. मेमध्ये टिनाखालची खोली ४२, प्रोसेसर ८२. अजून निभावतंय. आता पंख्यात धूळ बसली आणि तोच फरक ६० झाला, की जानेवारीतला ८२ चालून जातो, पण मेचा आकडा होतो १०२. बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० च्या आसपास आहे. ती गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, तरीही तापला तर स्वतःला वाचवायला यंत्र झटकन बंद करतो. पूर्ण हँग बऱ्याचदा शेजाऱ्यांमुळे होतो: ग्राफिक्सची चिप, मदरबोर्डवरचे वीज देणारे भाग, डिस्क. त्याच डब्यात तेही शिजत असतात.

साफसफाई अशी करा. वायर भिंतीतून काढा, मग चालू करायचं बटण एकदा दाबा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटचं झाकण अंगणात उघडा, घरात नको. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली पट्ट्यापट्ट्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो. पंखा आणि ठोकळा यांच्यामध्ये धुळीची चटईच तयार झालेली असते. वरून पुसलं तर ती दिसतही नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. पाल किंवा मुंग्या निघाल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका. झाकण लावण्याआधी रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके घासा, भुगा झटका आणि पट्टी ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबा. पावसाळ्याच्या दमट हवेने त्या दातांवर पापुद्रा चढतो, आणि या एवढ्याशा कामाने कित्येक यंत्रं मार्गी लागतात. तरी शंका राहिली तर ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ रात्रभर चालवा. त्यात एक चूक सापडली तरी ती पट्टी बदलायची.

आता कूलर. ‘कॉम्प्युटर तापतो म्हणून कूलरपुढे ठेवला’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. कूलरची हवा थंड असते तशी ओलीही असते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे बारीक तुषार तिच्यासोबत येतात, धूळ त्यावर चिकटते आणि धातूला गंज धरतो. यंत्र त्याच खोलीत ठेवा, पण झोतात ठेवू नका. टेबलाच्या बंद कप्प्यातही नको. आणि चालू असताना वर प्लास्टिकचं कव्हर तर मुळीच नको.

सोयाबीन आणि नंतर तूर निघेपर्यंत घराजवळ थ्रेशर चालत असेल, तर हंगाम संपल्यावर एक सफाई आणि एप्रिलच्या सुरुवातीला दुसरी.

६. यंत्र धडधाकट, तरी हँग

४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरलं. काही दिवसांत त्याचा कॉम्प्युटर मध्येच अडकून स्वतःला रीस्टार्ट करू लागला. वायर सैल नव्हती, धूळ शिरली नव्हती. कमी महत्त्वाचं एक काम, हवामानाची माहिती गोळा करण्याचं, सामायिक साधन स्वतःकडे धरून बसायचं. जास्त महत्त्वाच्या एका कामाला तेच साधन हवं असायचं, म्हणून ते थांबायचं. आणि मधल्या महत्त्वाची कामं पुढे घुसून त्या पहिल्या कामाला साधन सोडायची संधीच द्यायची नाहीत. राखण करणारा भाग बघायचा की मुख्य काम वेळेत झालं नाही, आणि सगळं रीस्टार्ट करायचा. इंजिनिअरांनी तोच बिघाड पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रात घडवून आणला, कारण शोधलं आणि दुरुस्ती इथूनच पाठवली.

आपल्या घरातही कामं अशीच एकमेकांवर अडून बसतात. नेहमीचे आरोपी म्हणजे एकाच वेळी चालणारे दोन अँटिव्हायरस आणि चुकीचा ड्रायव्हर. ओळखायचं कसं? शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा आणि पुढच्या पर्यायांतून सेफ मोड निवडा. त्यात विंडोज मोजक्या साहित्यावर चालतं. तिथे तासन् तास हँग होत नसेल, तर दोष बहुधा नंतर बसवलेल्या एखाद्या प्रोग्रॅमचा किंवा ड्रायव्हरचा. याहून चांगली कसोटी म्हणजे पेन ड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली चालवून बघणं. तिथेही यंत्र थिजलं, तर विंडोज निर्दोष आहे आणि फॉरमॅटचा विषय संपला.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. म्हणून लिनक्सची ओळख तशीही करून ठेवलेली बरी.

७. संध्याकाळची वीज

घरात २३० व्होल्ट यायला हवेत. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला पंप सुरू झाले की आकडा किती उतरतो, ते दहा मिनिटांत मल्टिमीटरने कळतं. लॅपटॉपच्या ॲडॉप्टरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, वर बॅटरीही असते, म्हणून त्याला फारसा फरक पडत नाही. लॅपटॉप बिनतक्रार चालतो आणि डेस्कटॉप मात्र संध्याकाळीच अडकतो, तर उत्तर जवळपास मिळालंच.

यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यातली शिशाची बॅटरी उष्णतेने लवकर मरते. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. वायरमनला आजच बोलवा, ते कॉम्प्युटरपेक्षा माणसासाठी गरजेचं आहे. कॅबिनेटमधला वीज देणारा डबा, एसएमपीएस, कधीही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात काही काळ ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असू शकते.

८. दुकानात नेताना

एवढं करूनही जमलं नाही, तर मंगरुळपीरला किंवा वाशीमला दुकानात न्या. पण वही सोबत न्या. “फॉरमॅट करा” असं सांगू नका. “कधी अडकतो ते यात लिहिलंय, कारण शोधा” असं सांगा. फोटो आणि कागदपत्रांची प्रत घरी ठेवूनच यंत्र बाहेर काढा. बदललेले जुने भाग परत मागा, विशेषतः जुनी हार्ड डिस्क. तिच्यात घरातल्या सगळ्यांचं आधार, पासबुक आणि सातबारा असतो, आणि फॉरमॅट केलेल्या डिस्कवरूनही बऱ्याच फाइली परत काढता येतात.